झेनिट-ई

झेनिट-ई हा सोव्हिएत संघात तयार झालेला, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा एकभिंगी परावर्ती कॅमेरा आहे. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क यांत्रिक कारखान्याने १९६५ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे बेलारूसमधील विलेइका येथील कारखान्यातही तो तयार होऊ लागला. एकट्या क्रास्नोगोर्स्क येथे ३० लाखांहून अधिक नग तयार झाल्यामुळे जगात सर्वाधिक संख्येने निघालेल्या परावर्ती कॅमेऱ्यांमध्ये त्याची गणना होते. या कॅमेऱ्यात बॅटरी नाही, स्वयंचलित फोकस नाही आणि प्रकाशानुसार आपोआप जुळवून घेणारी कोणतीही यंत्रणा नाही. कमी किंमत, धातूची भक्कम बांधणी आणि साधी रचना यांमुळे कृष्णधवल फिल्मवर छायाचित्रण शिकू इच्छिणारे आजही तो वापरतात.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनेक झेनिट-ई कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक निकामी झालेला असतो व त्यामुळे कॅमेराच बिघडला असे समजले जाते. प्रत्यक्षात मापकाचा शटरशी किंवा लेन्सशी कोणताही यांत्रिक संबंध नाही. मापक बंद असला तरी कॅमेरा पूर्ण क्षमतेने काम करतो. प्रकाशाचा अंदाज मात्र छायाचित्रकाराला स्वतः करावा लागतो.

इतिहास

झेनिट मालिकेचे मूळ जर्मन लायका कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. लायका-२ च्या धर्तीवर खारकीव्ह येथे १९३४ पासून ‘फेड’ कॅमेरे तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच रचनेवर आधारलेला ‘झोर्की’ हा कॅमेरा क्रास्नोगोर्स्क येथे निघू लागला. झोर्कीच्या सांगाड्यात आरसा आणि पंचकोनी लोलक बसवून १९५२ मध्ये पहिला ‘झेनिट’ तयार करण्यात आला. या सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये छायाचित्र घेतल्यावर आरसा वरच राही आणि पुढच्या चित्रासाठी फिल्म सरकवेपर्यंत दृश्यदर्शकात अंधार असे.

झेनिट-ईमध्ये ही अडचण दूर झाली. छायाचित्र घेताच आरसा लगेच खाली येऊ लागला आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस सेलेनियमचा प्रकाशमापक बसवण्यात आला. मापक नसलेली आवृत्तीही निघाली. तिच्या नावातील रशियन ‘व्हे’ हे अक्षर रोमन ‘बी’सारखे दिसत असल्यामुळे रशियाबाहेर ती ‘झेनिट-बी’ म्हणून ओळखली जाते.

‘माशप्रिबोरइंटोर्ग’ या सोव्हिएत निर्यात संस्थेमार्फत हा कॅमेरा अनेक देशांत विकला गेला. पश्चिम जर्मनीत तो ‘रेव्ह्यूफ्लेक्स-ई’ या नावानेही मिळत असे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनिमित्त ऑलिंपिक चिन्ह असलेली आवृत्ती काढण्यात आली. झेनिट-ईएम, झेनिट-टीटीएल आणि झेनिट-११ ही याच सांगाड्यावर विकसित झालेली पुढील रूपे होत.

रचना

शटर

झेनिट-ईचे शटर म्हणजे फिल्मच्या लगेच पुढे आडवे सरकणारे कापडी पडदे होत. १/३०, १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५०० सेकंद असे पाचच वेग त्यावर मिळतात. ‘बी’ या खुणेवर बटण दाबून ठेवले असेपर्यंत शटर उघडे राहते. १/३० पेक्षा मंद वेगांसाठी लागणारी वेगळी यंत्रणा या कॅमेऱ्यात ठेवलेलीच नाही. त्यामुळे सुटे भाग कमी झाले, किंमत आटोक्यात राहिली आणि दुरुस्तीही सोपी झाली. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी १/३० सेकंद हाच वेग वापरावा लागतो, कारण त्याहून जलद वेगांवर फ्लॅश चमकतो त्या क्षणी संपूर्ण चौकट उघडी नसते.

शटरवेगाची चकती फिरवण्यापूर्वी खटका ओढून फिल्म पुढे सरकवावी आणि मगच वेग ठरवावा. या घराण्यातील जुन्या कॅमेऱ्यांसाठी हाच क्रम सुरक्षित मानला जातो.

लेन्स

या कॅमेऱ्यासोबत प्रामुख्याने दोन लेन्स दिल्या जात. ‘इंडस्टार-५०-२’ ही ५० मिमी, एफ/३.५ क्षमतेची, चार काचांची छोटी लेन्स आहे. ‘हेलिऑस-४४-२’ ही ५८ मिमी, एफ/२ क्षमतेची, सहा काचांची लेन्स जर्मनीच्या कार्ल झाइस कंपनीच्या ‘बायोटार’ रचनेवर आधारलेली आहे. हेलिऑस पूर्ण उघडी ठेवून पानांच्या गर्दीपुढे व्यक्तिचित्र घेतले, तर मागची धूसर पाने वर्तुळाकार फिरल्यासारखी दिसतात. या गुणामुळे ही लेन्स डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवूनही वापरली जाते.

हेलिऑस-४४-२ वर ॲपर्चरची दोन कडी आहेत. एका कड्याने हवे ते मूल्य, उदाहरणार्थ एफ/८, आधी ठरवून ठेवायचे असते. दुसऱ्या कड्याने ॲपर्चर पूर्ण उघडून उजळ दृश्यात फोकस साधायचा आणि बटण दाबण्यापूर्वी तेच कडे अडेपर्यंत फिरवून ॲपर्चर ठरलेल्या मूल्यावर आणायचे. ही शेवटची कृती राहून गेली, तर फिल्मवर कित्येक पट अधिक प्रकाश पडतो. एफ/१६ ऐवजी एफ/२ राहिल्यास हे प्रमाण ६४ पट होते.

सुरुवातीच्या काही नगांवर ३९ मिमी व्यासाचे आटे आहेत, तर १९६७ च्या सुमारापासून ४२ मिमी व्यासाचे, ‘एम४२’ नावाने ओळखले जाणारे आटे आले. प्राक्टिका आणि जुन्या पेन्टॅक्स कॅमेऱ्यांच्या लेन्स याच आट्यांच्या असल्यामुळे त्या झेनिट-ईवर बसतात. ३९ मिमी आट्यांच्या नगांवर लायका किंवा झोर्कीची लेन्स बसते खरी. परंतु लेन्स व फिल्म यांमधील अंतर वेगळे असल्याने तिने दूरच्या वस्तूंवर फोकस होत नाही.

प्रकाशमापक

सेलेनियमवर प्रकाश पडला की अल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो मापकाची सुई हलवतो. म्हणूनच या मापकाला बॅटरी लागत नाही. छायाचित्रकाराने फिल्मची संवेदनशीलता चकतीवर लावून सुईशी खूण जुळवायची, चकतीवर समोरासमोर आलेल्या ॲपर्चर व शटरवेगाच्या जोड्या वाचायच्या आणि त्यांतील एक जोडी लेन्सवर व शटरवर हाताने लावायची, अशी ही पद्धत आहे.

मापकावरील अंक ‘गोस्त’ या सोव्हिएत मानकानुसार १६, ३२, ६५, १३०, २५० आणि ५०० असे आहेत. जुने गोस्त अंक आयएसओ अंकांपेक्षा किंचित कमी असतात. आयएसओ १०० म्हणजे सुमारे ९० गोस्त आणि आयएसओ ४०० म्हणजे सुमारे ३६० गोस्त. त्यामुळे आयएसओ १०० ची फिल्म वापरताना खूण ६५ व १३० यांच्या मध्ये ठेवतात.

मापक लेन्समधून नव्हे, तर कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावरून प्रकाश मोजतो. मोकळ्या जागी त्यात आकाशाचा उजेड अधिक शिरतो आणि जमिनीवरचा विषय काळपट येतो. म्हणून मोजताना कॅमेरा किंचित खाली झुकवावा. दीर्घकाळ उजेड व दमट हवा लागल्याने सेलेनियमचा पट्टा क्षीण होतो. अशी सुई हलते, परंतु प्रकाश आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

मापकाविना प्रकाशाचा अंदाज

भर उन्हात सूर्यप्रकाशाची तीव्रता बरीचशी स्थिर असते. या वस्तुस्थितीवर ‘सनी सिक्स्टीन’ हा जुना नियम उभा आहे. स्वच्छ उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवले, तर शटरवेग फिल्मच्या आयएसओ अंकाइतका, म्हणजे आयएसओ १०० साठी सुमारे १/१०० सेकंद, ठेवावा. झेनिट-ईवर त्याला सर्वांत जवळचा वेग १/१२५ हा आहे. वेग तोच ठेवून ॲपर्चर पुढीलप्रमाणे बदलतात :

स्वच्छ ऊन, सावल्यांच्या कडा ठळक : एफ/१६
विरळ ढग, सावल्यांच्या कडा मऊ : एफ/११
ढगाळ, सावली जेमतेम दिसते : एफ/८
दाट ढग, सावली नाही : एफ/५.६
उन्हाच्या दिवशी इमारतीची किंवा झाडाची मोकळी सावली : एफ/४

या तक्त्यातील प्रत्येक पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. ॲपर्चर एक स्टॉप उघडून शटर एक पायरी जलद केले, तर फिल्मवर तेवढाच प्रकाश पडतो. म्हणून आयएसओ १०० साठी भर उन्हात एफ/१६ व १/१२५, एफ/११ व १/२५० आणि एफ/८ व १/५०० या तिन्ही जोड्या समान आहेत. धावणारे मूल टिपायचे असेल तर यांतील शेवटची जोडी उपयोगी पडते. जवळच्या पायरीपासून दूरच्या कळसापर्यंत सारे स्पष्ट हवे असेल तर पहिली.

मापक चालू असतानाही विचार करावाच लागतो. मापकाला विषयाचा रंग कळत नाही. समोर येईल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो आकडा सुचवतो. पांढऱ्या भिंतीपुढे त्याचे ऐकल्यास भिंत करडी येते. काळी म्हैस चौकटभर असेल तर तीही करडीच येते. पांढऱ्या विषयासाठी सुचवल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप अधिक आणि काळ्यासाठी तेवढाच कमी प्रकाश देणे हा यावरील उपाय आहे.

अंदाजाने काम भागते, कारण कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म चुका बऱ्याच सामावून घेते. मात्र ही सहनशीलता दोन्ही बाजूंना सारखी नाही. एक-दोन स्टॉप अधिक प्रकाश पडला तरी निगेटिव्ह दाट होते आणि छपाईत चित्र सावरता येते. प्रकाश कमी पडल्यास सावलीच्या भागात चांदीचे कणच तयार होत नाहीत आणि जे नोंदले गेले नाही ते छपाईत आणता येत नाही. म्हणून शंका आली की अधिक प्रकाशाच्या बाजूला झुकावे, असा संकेत आहे.

फिल्मची निवड

झेनिट-ईच्या पाच वेगांचा विचार करूनच फिल्म निवडावी लागते. आयएसओ ४०० ची फिल्म भर उन्हात एफ/१६ व १/५०० मागते, म्हणजे कॅमेऱ्याची दोन्ही टोके गाठली जातात. अशा उन्हात ॲपर्चर उघडून पार्श्वभूमी धूसर करणे शक्य राहत नाही. उन्हाळ्यातील बाह्य चित्रणासाठी इलफर्ड एफपी४ प्लस (आयएसओ १२५) किंवा फोमापॅन १०० यांसारखी मंद फिल्म अधिक सोयीची ठरते. पावसाळी दिवस, घराच्या आतील चित्रण आणि संध्याकाळ यांसाठी इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स यांसारखी आयएसओ ४०० ची फिल्म वापरतात. मंद फिल्मचे दाणे बारीक आणि जलद फिल्मचे दाणे ठळक असतात.

कृष्णधवल फिल्म रंगांचे रूपांतर करड्या छटांत करते. डोळ्यांना अगदी भिन्न वाटणारे तांबडा आणि हिरवा हे रंग फिल्मवर जवळपास एकाच छटेचे येऊ शकतात. हिरव्या झाडावरची तांबडी फुले त्यामुळे हरवतात. लेन्सपुढे रंगीत फिल्टर लावून हा भेद परत आणता येतो. फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ आणि विरुद्ध रंगाच्या वस्तू गडद करतो. पिवळ्या फिल्टरने निळे आकाश थोडे गडद होऊन ढग उठून दिसतात. तांबड्याने आकाश जवळजवळ काळे होते. पिवळ्या फिल्टरसाठी सुमारे एक, तर तांबड्यासाठी सुमारे तीन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. झेनिट-ईचा मापक फिल्टरमधून पाहत नसल्यामुळे ही भर छायाचित्रकाराने स्वतः घालायची असते. हेलिऑस-४४-२ साठी ४९ मिमी व्यासाचे फिल्टर लागतात.

वापरातील मर्यादा

दृश्यदर्शकात फिल्मवर येणाऱ्या चौकटीचा सुमारे दोन तृतीयांश भागच दिसतो. निगेटिव्हवर कडेला अनपेक्षित गोष्टी येतात त्या यामुळे. चौकट डोळ्यांना थोडी घट्ट दिसेल अशी रचना केल्यास हा दोष टाळता येतो.

दृश्यदर्शकातील काच साधी दुधी आहे. ॲपर्चर बंद केल्यावर ती काळवंडते, म्हणून फोकस नेहमी ॲपर्चर उघडे ठेवूनच करतात. रस्त्यावर झटपट चित्रे घ्यायची असल्यास अंतर आधीच लावून ठेवण्याची पद्धत आहे. ५८ मिमी लेन्सवर एफ/११ ठेवून १० मीटरवर फोकस केल्यास साधारण ५ मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते.

कॅमेरा लेन्ससह सुमारे एक किलो वजनाचा आहे आणि आरशाचा धक्का जाणवण्याइतका आहे. ५८ मिमी लेन्स हातात धरून १/६० किंवा अधिक जलद वेग वापरावा. १/३० साठी भिंतीचा अथवा खांबाचा आधार घ्यावा.

चित्रांचा मोजक आपोआप शून्यावर येत नाही. नवा रोल घातल्यावर तो हाताने लावावा लागतो. खटका ओढताना रोल गुंडाळण्याची घुंडी फिरते की नाही हे पाहणे महत्त्वाचे आहे. ती फिरत नसेल तर फिल्म दात्यांवर बसलेली नाही आणि पूर्ण रोलवर एकही चित्र उमटणार नाही. रोल संपल्यावर फिल्म डबीत परत गुंडाळल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये.

रोल धुणे

प्रकाश पडलेल्या फिल्मवर लगेच काही दिसत नाही. चांदीच्या क्षारांच्या कणांवर अदृश्य प्रतिमा तयार होते आणि डेव्हलपर त्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करतो. छपाईचा कृष्णधवल कागद तांबड्या दिव्याखाली हाताळता येतो. आजची कृष्णधवल फिल्म मात्र बहुधा सर्व रंगांना संवेदनशील असल्यामुळे ती पूर्ण अंधारातच डबीतून काढून टाकीत भरावी लागते. खोली काळोखी करता येत नसल्यास दुहेरी कापडाची चेंजिंग बॅग वापरतात. टाकीचे झाकण लागल्यावर उरलेले काम उजेडात होते.

डेव्हलपर म्हणून कोडॅकचे डी-७६ किंवा त्याच्याशी मिळतेजुळते इलफर्डचे आयडी-११ प्रचलित आहे. आयएसओ ४०० वर वापरलेली एचपी५ प्लस फिल्म पाणी न मिसळलेल्या आयडी-११ मध्ये २० अंश सेल्सियसला साडेसात मिनिटे ठेवतात. तापमान वाढले की क्रिया वेगाने होते आणि निगेटिव्ह अधिक दाट व कर्कश होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे रसायनाच्या बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवून तापमान उतरवणे आणि धुण्याचे पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचे ठेवणे आवश्यक ठरते.

डेव्हलपरनंतर सौम्य आम्लाच्या द्रावणाने ही क्रिया थांबवतात. त्यानंतर फिक्सर, ज्याला छायाचित्रकार ‘हायपो’ म्हणतात, न वापरले गेलेले क्षार विरघळवतो आणि फिल्म उजेडात सुरक्षित होते. शेवटी फिल्म भरपूर पाण्यात धुऊन धूळ नसलेल्या जागी टांगून वाळवतात. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ, बागेत किंवा उघड्या गटारात ओतू नये.

जुना कॅमेरा तपासताना

लेन्स काढून, मागचे झाकण उघडून, पांढऱ्या भिंतीकडे पाहत १/५०० वर शटर चालवावे. उघडीप एका कडेला काळी दिसल्यास पडदे असमान वेगाने सरकत आहेत, असे समजावे. तसे असल्यास चित्राची एक बाजू गडद येईल. पडद्यामागे विजेरी धरून सूक्ष्म छिद्रे आहेत का ते पाहावे. असे छिद्र प्रत्येक चित्रात ठिपका उमटवते.

लेन्समधून विजेरीचा झोत सोडल्यास बुरशीचे तंतू दिसतात. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात ही बुरशी लवकर धरते. कॅमेरा बंद चामडी पिशवीत वर्षानुवर्षे ठेवण्याऐवजी कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि अधूनमधून वापरावा. फोकसचे कडे घट्ट असल्यास जुने वंगण सुकलेले असते. ते साफ करता येते. शटर बिघडलेले असल्यास मात्र दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. मापकाचा दोष या सर्वांत गौण आहे. भ्रमणध्वनीवरील प्रकाशमापक ॲप किंवा वरील तक्ता त्याची जागा घेऊ शकतो.

भारतातील कृष्णधवल फिल्म

भारतात हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना १९६० मध्ये उटी येथे झाली आणि १९६७ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. तिची कृष्णधवल फिल्म व छपाईचा कागद ‘इंदू’ या नावाने विकला जाई. कालांतराने तेथील उत्पादन बंद पडले. आता भारतातील छायाचित्रकारांना मुख्यतः ब्रिटन, अमेरिका व चेक प्रजासत्ताक येथून आयात केलेल्या फिल्मवर अवलंबून राहावे लागते. परिणामी अशा छायाचित्रणात कॅमेऱ्यापेक्षा फिल्म व रसायने यांचाच खर्च अधिक होतो. रोलमध्ये चित्रे ३६ च असल्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी प्रकाश, अंतर आणि वेग यांचा हिशेब करणे भाग पडते. प्रत्येक चित्राचे आकडे वहीत टिपून रोल धुतल्यावर निगेटिव्हशी ताडून पाहणे हा शिकणाऱ्यांसाठी उपयुक्त अभ्यास आहे, कारण फिल्म स्वतः ही माहिती नोंदवून ठेवत नाही.

सद्यस्थिती

झेनिट-ईचे उत्पादन १९८० च्या दशकात थांबले. क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने २०१८ मध्ये लायका कंपनीच्या सहकार्याने ‘झेनिट-एम’ हा डिजिटल कॅमेरा सादर केला. त्याची किंमत व ग्राहकवर्ग झेनिट-ईहून सर्वस्वी वेगळा आहे. झेनिट-ई आता केवळ जुन्या बाजारातच मिळतो. एम४२ लेन्सची विपुलता, कृष्णधवल फिल्मची उपलब्धता आणि बॅटरीविना चालणारे यांत्रिक शटर यांमुळे चांगल्या स्थितीतील नग अजूनही नियमित वापरात आहेत.